पॉवरपॉइंटमध्ये फांद्यांची गोष्ट: वर्गात पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांसाठी

शाळेच्या संगणकावर दुसरं काही नसलं तरी पॉवरपॉइंट असतं. त्याचा उपयोग मात्र बहुतेक वेळा एकाच कामासाठी होतो: धड्यातले मुद्दे एकाखाली एक मांडायचे आणि पुढे पुढे सरकवत जायचं. त्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी गोष्ट करता येते, जिच्यात पुढे काय होणार हे वाचणारा ठरवतो. स्लाइडवर दोन बटणं असतात. एक दाबलं की गोष्ट एका वाटेने जाते, दुसरं दाबलं की दुसऱ्या. कोडिंग लागत नाही, वेगळं ॲप लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. लिंक लावता आली की झालं.

खरं सांगायचं तर अडचण तंत्राची नसतेच. लिंक लावायला सातवीतली मुलं एका तासिकेत शिकतात. गोष्ट फसते ती दुसरीकडेच. एक तर फांद्या आवरत नाहीत आणि अर्ध्यावर सगळे कंटाळतात, नाहीतर पर्याय इतके बाळबोध असतात की निवडायला काही उरतच नाही. म्हणून पुढे मेनूंपेक्षा कागद-पेन्सिलीला जास्त जागा दिली आहे.

आधी विषय

सगळ्या लेखात उदाहरण एकच घेऊ, म्हणजे धागा सुटणार नाही. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचा पूर. आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. पुढे गोखलेनगर, सहकारनगर भागात पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक वर्गात एखाद्या मुलाच्या पणजीने किंवा आजोबांनी तो दिवस पाहिलेला असतो. त्यामुळे गोष्टीचा कच्चा माल घरातूनच येतो: वाड्यात पाणी कुठपर्यंत आलं, काय वाचलं, काय वाहून गेलं, रात्र कुठे काढली. मुलांना आधी हे विचारून यायला सांगा. पुण्याबाहेरून आलेली मुलं असतील तर त्यांच्या गावच्या पुराच्या, दुष्काळाच्या, भूकंपाच्या आठवणी चालतील. किल्लारीचा भूकंप किंवा २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर त्यांच्या घरात बोलला जात असेलच.

इतिहासातला प्रसंग घेतला की एक नियम पाळावा लागतो. जे घडलं ते बदलायचं नाही. गोष्टीतल्या मुलाने कुठलंही बटण दाबलं तरी धरण फुटणारच. निवड द्यायची ती एका काल्पनिक, साध्या माणसाला, आणि त्याच्या हातात असलेल्या गोष्टींची: काय उचलायचं, कुणासाठी थांबायचं, कुठल्या रस्त्याने जायचं. पहिल्याच मसुद्यात कुणीतरी ‘धरणाची भिंत वाचवायला जाईन’ असा पर्याय लिहितंच. तो काढून टाकायला लावा आणि का काढला यावर वर्गात बोला. इतिहासाच्या तासाचं निम्मं काम तिथेच होतं.

आणखी एक पथ्य. पुरात खरी माणसं गेली. तेव्हा ‘गेम ओव्हर’, कवटीची चित्रं, गुण कमी होणे असलं काही नको.

झाड कागदावर

संगणक बंद ठेवा. एक मोठा कागद घ्या (जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम) आणि चौकोन काढायला सुरुवात करा. एक चौकोन म्हणजे एक स्लाइड, एक बाण म्हणजे एक बटण.

इथे पहिला धक्का बसतो तो गणिताचा. प्रत्येक चौकोनातून दोन बाण काढत गेलं तर १ चे २, २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६. नुसत्या चार वळणांत ३१ स्लाइड होतात आणि त्यातले १६ शेवट असतात. चाळीस मुलांचा वर्गसुद्धा इतकं नीट लिहीत नाही. तिसऱ्या वळणानंतर ‘मग तो घरी गेला. समाप्त.’ असे शेवट पडायला लागतात.

उपाय म्हणजे फांद्या पुन्हा एकत्र आणायच्या. पुण्यात लक्ष्मी रोडवरून कुमठेकर रस्त्याच्या बाजूच्या कुठल्याही बोळात शिरा, थोड्या वेळाने त्याच रस्त्यावर निघता. पण कुठल्या बोळातून आलात त्यावर वाटेत काय दिसलं हे ठरतं. गोष्टीचंही तसंच ठेवायचं. पुराच्या गोष्टीत हे आपोआप जमतं, कारण पाणी सगळ्यांच्याच वाट्याला येतं. कोण कुठूनही निघालं तरी संध्याकाळी उंचावरच भेटणार.

आपल्या गोष्टीचा आराखडा असा:

१ – नारायण पेठेतला वाडा, सकाळ. गल्लीतून कुणीतरी ओरडत जातं, ‘धरण फुटलं!’ इथून २अ किंवा २ब.
२अ – आजीला घेऊन पर्वतीच्या टेकडीकडे निघण्याची तयारी. इथून ३अ (कागदपत्रांची ट्रंक घ्यायची) किंवा ३ब (ट्रंक सोडून शेजारच्या तान्ह्या बाळाला उचलायचं).
२ब – खरं काय ते बघायला मुठेवरच्या लकडी पुलावर. इथून ३क (घराकडे परत) किंवा ३ड (तिथूनच तडक पर्वती).
३अ, ३ब, ३क, ३ड – चारही वाटा ४ वर येतात.
४ – पर्वतीच्या पायऱ्या, संध्याकाळ. धाकटा भाऊ गर्दीत दिसत नाही. इथून ५अ (शोधायला खाली उतरायचं) किंवा ५ब (ठरलेल्या जागी थांबायचं).
५अ – इथून ६अ किंवा ६ब.
५ब – इथून ६ब किंवा ६क.
६अ, ६ब, ६क – तीन शेवट.

मोजून बघा. स्लाइड १३. पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाण्याच्या वाटा १६ आहेत: ४ वर पोहोचण्याच्या चार, तिथून पुढे दोन, त्यापुढे पुन्हा दोन. हीच गोष्ट फांद्या एकत्र न आणता लिहिली असती तर ३५ स्लाइड झाल्या असत्या. मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला लावा. गणिताच्या बाईंनाही आवडेल.

एकत्र येणाऱ्या स्लाइडला, म्हणजे आपल्या ४ ला, एक शिस्त लागते. तिथे आधीच्या कुठल्याही एका फांदीतली गोष्ट बोलायची नाही. ‘ट्रंक शेजारी ठेवून तू बसून राहिलास’ असं ४ मध्ये लिहिलं, तर ट्रंक न घेता आलेल्या वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. पॉवरपॉइंटला आधीची निवड लक्षात राहत नाही. लक्षात ठेवायचीच असेल तर एकच मार्ग आहे: ४ पासून पुढच्या सहाही स्लाइडची दुसरी प्रत करायची, एक ट्रंकवाली आणि एक बिनट्रंकेची. म्हणजे १३ च्या १९ झाल्या. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या म्हटलं तर पुढचा भाग चौपट. पहिल्या वेळी हा मोह टाळा. वर्गातल्या एखाद्या हुशार गटाने हट्टच धरला तर करू द्या, पण झाड पुन्हा काढून दाखवल्यावर.

पर्याय लिहिणं, हेच मुख्य काम

मुलं, आणि आपणही, पहिल्यांदा असे पर्याय लिहितो: ‘आजीला मदत करेन’ आणि ‘पुराच्या पाण्यात पोहायला जाईन’. दुसरं बटण कोणी दाबणार नाही, आणि दाबलंच तर गंमत म्हणून. ही गोष्ट नव्हे, ही प्रश्नपत्रिका झाली, तीही सोपी. त्यापाठोपाठ येते ती ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ अशी स्लाइड. ती दिसली की ताबडतोब खोडावी असं माझं स्पष्ट मत आहे. वाचणाऱ्याने निवड केली आहे. तिचे परिणाम त्याला बघू द्या की.

चांगल्या वळणावर दोन्ही बाजूंना काहीतरी मिळतं आणि काहीतरी सुटतं. ट्रंकेत घराची कागदपत्रं आहेत, रेशनकार्ड आहे, आजीचे दागिने आहेत. शेजारची बाळंतीण एकटी आहे आणि तिला बाळाला घेऊन भरभर चालता येत नाही. हात दोनच. इथे वर्ग विभागतो. नदीवर बघायला जाण्याचा पर्यायही तसाच खरा आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की आजही पुणेकर कठड्याला टेकून बघायला जातातच. तेव्हा ‘बघून तर येऊ’ हा मोह मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

पर्याय जमला का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. स्लाइड करायच्या आधी वळण वर्गात वाचून दाखवा आणि हात वर करायला सांगा. चाळीसपैकी पस्तीस हात एका बाजूला गेले तर दुसरा पर्याय अजून कच्चा आहे. त्यात काहीतरी मोलाचं घाला आणि पुन्हा मत घ्या.

स्लाइडवरचा मजकूर चाळीस-पन्नास शब्दांच्या वर नको. मागच्या बाकावरून वाचता आला पाहिजे. २ब चा नमुना देतो:

‘लकडी पुलाच्या कठड्याशी गर्दी आहे. पाणी तांबडं, मातकट. एक अख्खं झाड मुळांसकट वाहत येतं आणि पुलाच्या खांबावर आदळतं. पायाखालचे दगड हादरतात. “याच्यापेक्षा काही चढायचं नाही पाणी,” शेजारचे गृहस्थ म्हणतात. घरी आजी एकटीच आहे.’

बटणं: ‘घराकडे परत पळेन’ आणि ‘इथूनच पर्वती गाठेन’.

या नमुन्यात एक गोष्ट मुद्दाम केली आहे. अशा गोष्टी ‘तू’ म्हणून लिहिल्या की वाचणारा आत ओढला जातो, पण मराठीत लगेच प्रश्न येतो: ‘तू धावलास’ की ‘तू धावलीस’? दरवेळी तिरकी रेघ मारून दोन्ही रूपं लिहिली की वाचताना ठेच लागते, आणि एकच लिहिलं की निम्मा वर्ग बाहेर राहतो. वाट अशी काढायची की क्रियापद दुसऱ्या कशाशी तरी जुळेल. ‘तू दार उघडलंस’, ‘तू ट्रंक उचललीस’ हे मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं, कारण रूप दाराप्रमाणे आणि ट्रंकेप्रमाणे बदलतं. ‘तुला हाक ऐकू येते’, ‘तुझ्या पायाला गारवा लागतो’ हेही चालतं. ‘तू जिना चढतोस’ ऐवजी ‘जिना चढून वर आल्यावर तुला दिसतं’. भविष्यकाळ तर फारच सोयीचा: ‘काय करशील?’ आणि बटणावर ‘जाईन’, ‘थांबेन’, ‘उचलेन’. मुलांना हे कोडं म्हणून द्या, ‘अशी दहा वाक्यं लिहा ज्यातून वाचणारा मुलगा की मुलगी ते कळणार नाही’. व्याकरणाचा एवढा उत्साही तास क्वचितच होतो.

आता संगणक

एक स्लाइड नीट तयार करा: वर शीर्षक, मध्ये चित्राची जागा, खाली मजकूर, तळाशी दोन बटणं. बटण म्हणजे ‘इन्सर्ट’मधल्या ‘शेप्स’मधला गोल कोपऱ्यांचा आयत, त्यात मजकूर लिहिलेला. ही स्लाइड मनासारखी झाली की डावीकडच्या पट्टीत ती निवडून कंट्रोल आणि डी दाबा. हुबेहूब प्रत तयार होते. अशा १३ करा. बटणं सगळीकडे एकाच जागी राहतात, हा यातला मोठा फायदा. लिंक मात्र या टप्प्यावर लावू नका, नाहीतर प्रत काढताना लिंकचीही प्रत निघते आणि सगळी बटणं एकाच ठिकाणी नेतात.

प्रत्येक स्लाइडच्या शीर्षकाच्या जागी तिचा क्रमांक आणि नाव लिहा: ‘२ब लकडी पूल’. लिंक लावताना पॉवरपॉइंट जी यादी दाखवतं तिच्यात हेच शीर्षक दिसतं. शीर्षक नसेल तर नुसतं ‘स्लाइड ७’ दिसतं आणि सातवी कुठली हे शोधत बसावं लागतं. वाचणाऱ्याला क्रमांक दिसू नये असं वाटत असेल तर शीर्षकाची चौकट ओढून स्लाइडच्या वर, कडेबाहेर ठेवा. यादीत ती राहते, पडद्यावर दिसत नाही.

लिंक लावायची ती अशी. बटणाच्या कडेवर एकदा क्लिक करा, म्हणजे अख्खा आकार निवडला जातो. मग ‘इन्सर्ट’, ‘लिंक’ (किंवा कंट्रोल आणि के), डावीकडे ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’, यादीतून स्लाइड निवडा, ओके. आतली अक्षरं निवडून लिंक लावली तर ती निळी होतात, खाली रेघ येते आणि फक्त अक्षरांवर क्लिक झालं तरच चालते. म्हणून आकारालाच लावायची. नंतर स्लाइडचा क्रम बदलला तरी लिंक तिच्या स्लाइडबरोबरच राहते. स्लाइड काढून टाकली तर मात्र तिच्याकडे येणारी सगळी बटणं मुकी होतात.

आपल्या गोष्टीत लिंक किती? सहा वळणांवर दोन-दोन म्हणजे १२, चार ३-स्लाइडवर ‘पुढे’चं एक-एक म्हणजे ४, आणि तीन शेवटांवर ‘पुन्हा सुरुवातीला’ म्हणजे ३. एकूण १९. हा आकडा झाडाच्या कागदावर कोपऱ्यात लिहून ठेवा, तपासताना कामाला येतो. शेवटांवर आणखी एक छोटं बटण ठेवलं तर छान: ‘इन्सर्ट’मधल्या ‘ॲक्शन’मध्ये ‘हायपरलिंक टू’खाली ‘लास्ट स्लाइड व्ह्यूड’ असतं. त्याने वाचणारा नुकत्याच सोडलेल्या वळणावर परत जातो आणि दुसरी वाट बघतो. ६ब वर दोन्हीकडून येता येतं, पण हे बटण बरोबर तिथेच नेतं जिथून तो आला.

क्लिकला कुलूप

नवख्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. लिंक सगळ्या बरोबर आहेत, स्लाइड शो सुरू केला, मुलाने बटणाच्या जरा बाजूला क्लिक केलं आणि गोष्ट सरळ पुढच्या स्लाइडवर गेली. २अ नंतर २ब! पॉवरपॉइंटला वाटलं, नेहमीचं प्रेझेंटेशन चालू आहे.

‘स्लाइड शो’ टॅबमध्ये ‘सेट अप स्लाइड शो’ उघडा आणि ‘ब्राउज्ड ॲट अ किऑस्क’ निवडा. आता मोकळ्या जागी क्लिक केलं, स्पेस बार दाबला, बाणाच्या कळा दाबल्या, तरी काहीच हलत नाही. फक्त बटणं चालतात आणि एस्केप दाबला की शो बंद होतो. अर्थात याचा अर्थ असाही की एखाद्या स्लाइडवर बटण राहून गेलं तर वाचणारा तिथेच अडकतो. काही जण ‘ट्रान्झिशन्स’मध्ये जाऊन ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढतात. त्याने माऊस थांबतो, कीबोर्ड थांबत नाही, आणि मुलांचा हात आधी स्पेस बारवरच जातो.

गूगल स्लाइड्समध्ये स्लाइडची लिंक लावता येते, ‘इन्सर्ट’, ‘लिंक’, ‘स्लाइड्स इन धिस प्रेझेंटेशन’, पण किऑस्कची सोय नाही. तिथे पार्श्वभूमीचं चित्र स्लाइडभर पसरून सगळ्यात मागे ठेवा आणि त्या चित्रालाच त्याच स्लाइडची लिंक द्या. चुकीच्या जागी क्लिक झालं तर गोष्ट जागची हलत नाही. शाळेच्या संगणकांवर लिब्रेऑफिस असेल (फुकट मिळतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी असतं) तर ‘इम्प्रेस’मध्ये आकारावर उजवं क्लिक, ‘इंटरॅक्शन’, ‘गो टू पेज ऑर ऑब्जेक्ट’. आणि ‘स्लाइड शो सेटिंग्ज’मध्ये ‘चेंज स्लाइड्स बाय क्लिकिंग ऑन बॅकग्राउंड’ची खूण काढा. या दोन्हींमध्ये बाणाच्या कळांवर लक्ष ठेवावं लागतं.

मराठी अक्षरं, चित्रं, आवाज

टायपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची, तो मुलं पटकन उचलतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली गोष्ट दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. निर्मला यूआय हा फाँट आताच्या विंडोजमध्ये असतोच. मुक्ता, बालू असे दुसरे वापरले तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’मध्ये ‘एम्बेड फाँट्स इन द फाइल’वर खूण करा.

चित्रं मुलांनी कागदावर काढावीत आणि मोबाइलने फोटो घेऊन टाकावीत. इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत चित्रांपेक्षा जाड स्केचपेनने काढलेला वाडा कितीतरी बरा दिसतो, आणि हक्कांचा प्रश्नही येत नाही. फोटो टाकल्यावर ‘पिक्चर फॉरमॅट’मधलं ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरा, नाहीतर फाइल फुगते आणि जुना संगणक प्रत्येक क्लिकला विचार करत बसतो. ॲनिमेशन नको. आवाजही पहिल्या वेळी नको. संगणक कक्षात दहा गट एकदम पुराचे आवाज लावतील तेव्हा शेजारच्या वर्गातून निरोप येईल.

वर्गात कामं कशी वाटायची

चार-चार मुलांचे गट बरे: लिहिणारा, चित्रं काढणारा, लिंक लावणारा आणि तपासनीस. कामं मधूनमधून बदला, नाहीतर लिंक लावणारा एकटाच संगणकाला चिकटतो. संगणक कमी असतील तर एक गट एक फांदी लिहितो असंही करता येतं. मग मात्र जोडाजोड सगळ्या स्लाइड एका फाइलमध्ये आल्यावरच करा. वेगवेगळ्या फाइलमध्ये लावलेल्या लिंक एकत्र आणताना तुटतात, आणि त्या कुठे तुटल्या हे शोधणं नव्याने लावण्यापेक्षा जड जातं.

एकच संगणक आणि प्रोजेक्टर असेल तर वाईट वाटून घेऊ नका, ती उलट मजेशीर पद्धत आहे. एकाने स्लाइड मोठ्याने वाचायची, मग दोन्ही बाजूंनी एकेकाने आपली बाजू मांडायची, मग हात वर. ज्या बाजूला जास्त हात, ते बटण. पंचवीस मिनिटांत एक पूर्ण वाट होते आणि हरलेली बाजू दुसऱ्या दिवशी ‘आमची वाट बघू या’ म्हणून मागे लागते.

तपासनीसाचं काम मात्र गंभीरपणे घ्या. त्याच्या हातात झाडाचा कागद आणि लाल पेन. जे बटण दाबलं त्या बाणावर खूण. १९ च्या १९ बाणांवर खुणा झाल्याशिवाय गोष्ट तयार म्हणायची नाही. आणि तपासायला दुसऱ्या गटातला मुलगा किंवा मुलगी बसवा. स्वतःच्या गोष्टीत आपण नेहमी त्याच वाटेने जातो, ती वाट आपल्याला आवडते म्हणून.

घरी पाठवताना

‘सेव्ह ॲज’मध्ये ‘पॉवरपॉइंट शो’ निवडलं की फाइल पीपीएसएक्स होते. दोनदा क्लिक केलं की थेट गोष्टच सुरू होते, आतल्या स्लाइड कोणी विस्कटत नाही. पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर अडचण आहे. मोबाइलच्या साध्या प्रीव्ह्यूमध्ये बटणं चालतीलच असं नाही आणि पालक पहिल्या स्लाइडवरून सरळ दुसरीवर सरकवतात, मग गोष्ट अर्थातच विचित्र लागते. त्यांच्यासाठी गूगल स्लाइड्सवर चढवून ‘फाइल’, ‘शेअर’, ‘पब्लिश टू वेब’मधून लिंक काढा, ती ब्राउझरमध्ये उघडते. चढवल्यावर सगळी बटणं पुन्हा एकदा दाबून बघा, आणि क्लिकचं कुलूप इथे नव्याने लावावं लागतं हे विसरू नका. ही लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला गोष्ट दिसते, म्हणून शेवटच्या स्लाइडवर मुलांची पूर्ण नावं आणि फोटो टाकू नका. ‘इयत्ता सातवी, ब तुकडी’ एवढं पुरे. घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी वापरल्या असतील तर त्यांना आधी विचारा, आणि हो म्हणाले तर ‘एका पणजीच्या आठवणीवरून’ असं लिहा.

मूळ पीपीटीएक्स फाइल आणि झाडाचा कागद दोन्ही वर्गाच्या कपाटात राहू द्या. पुढच्या वर्षीच्या सातवीला ३क पासून नवी फांदी काढायची असेल तर पीपीएसएक्सपेक्षा याच दोन गोष्टी लागतील.